पायाची तक्रार, छातीचा फोटो

"सिगरेट ओढता काय सर तुम्ही?"

मी पाय दाखवायला गेलो होतो. निपाणीहून पहिल्या बसनं बेळगावला आलो, नंबर लावला, दुपारपर्यंत बाकावर बसलो आणि शेवटी आत गेलो, तर डॉक्टर मला सिगरेटचं विचारत होते.

हे डॉक्टर न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे आणि नसांचे. त्यांनी आधी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली ठोकून बघितलं होतं. चांगल्या माणसाचा पाय ठोकल्याबरोबर उडतो. माझा हलला नाही. दुसराही हलला नाही. मग ते म्हणाले, "पाय सरळ करा आणि मांडी घट्ट आवळून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." मी आवळून धरली. त्यांनी सोडा म्हटलं आणि लगेच पुन्हा ठोकलं. या वेळी पाय असा उडाला की शेजारी उभे असलेले शिकाऊ डॉक्टर मागं सरले. "नोड्री," डॉक्टर त्यांना कन्नडमध्ये म्हणाले, बघा म्हणून. मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला.

"ओढतो," मी म्हणालो. "पण मी पायासाठी आलोय."

"मी पण पायाचंच विचारतोय की हो. कधीपासून?"

"कॉलेजात असल्यापासनं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लॅम्बर्ट-ईटन वाटतंय मला. नाव अवघड आहे, नाव सोडा. नसांकडून स्नायूंना हुकूम नीट पोचत नाही, असला आजार आहे. दोन तपासण्या करू. एक नसांची, एक छातीची."

"छातीची कशाला?"

"पाय कुणी बिघडवले ते बघायला," ते म्हणाले.

शेजारच्या स्टुलावर माझी बायको सुजाता बसली होती. सिगरेटवरून बोलून बोलून ती कधीच थकली होती. मला मात्र नुसता राग आला होता. एवढे महिने फिरून, इतक्या डॉक्टरांना पाय दाखवून, शेवटी हा माणूस मला भलत्याच दारात उभा करतोय असं वाटलं.

मी निपाणीच्या एका सरकारी मराठी हायस्कुलात खेळाचा शिक्षक. पोरं मला कांबळे सर म्हणतात. कबड्डी आणि खो-खो शिकवतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी शिक्षक झालेलं नव्हतं. वडील लवकर गेले. आईनं वखारीत तंबाखू चाळला, घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या आणि मला शिकवलं. निपाणीत अशा आया गल्लोगल्ली सापडतात. मी शिक्षणासाठी बाहेर गेलो तेव्हा सिगरेट लागली. बिडी मी कधीच ओढली नाही. बिडी म्हणजे आपली जुनी गल्ली, आणि सिगरेट म्हणजे शिकलेला माणूस, असं काहीतरी खूळ डोक्यात होतं. फुफ्फुसाला यातला फरक कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

हे लिहितोय ते अशासाठी, की माझ्यासारखा एखादा आत्ता कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकावर कंबरेला पट्टा बांधून बसला असेल. त्यानं माझ्याइतके महिने घालवू नयेत.

सुरुवात मैदानावर झाली. आठवीच्या पोरांना बैठका दाखवत होतो. खाली बसलो आणि वर येईना. दुखत काही नव्हतं. पाय कुणीतरी उसने नेल्यासारखे वाटले. पोरांना वाटलं सर गंमत करतायत, ती हसली. मीही हसलो आणि हात टेकून उठलो. त्यानंतर बसची पायरी जड जायला लागली. मग शाळेचा जिना. कठड्याला धरून स्वतःला वर ओढत न्यायचो आणि कुणी मागून आलं की चप्पल नीट करायला थांबल्याचं सोंग करायचो.

तोंड सारखं कोरडं पडायचं. शिट्टी ओठांना चिकटायची आणि वाजायची नाही. पोट साफ होत नव्हतं. आणखी एक गोष्ट होती, जी पुरुष कुणाला सांगत नाहीत. नवराबायकोच्या नात्यातली ताकदही गेली होती. मी ते वयावर ढकललं आणि एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. पुढं कळलं, या सगळ्या एकाच आजाराच्या खुणा होत्या. सगळ्या एकत्र सांगितल्या असत्या तर कदाचित कुणाच्या तरी लवकर लक्षात आलं असतं. म्हणून लाज वाटली तरी इथं लिहितोय.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट अशी, की हा आजार तुम्हाला खोटं पाडतो. सकाळी मला खुर्चीतून उठता यायचं नाही. पण कसंबसं उठून मैदानाला एक फेरी मारली की पायांत थोडी ताकद यायची आणि घटकाभर मी बरा चालायचो. बघणाऱ्याला काय वाटणार? हेडमास्तर एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "कांबळे सर, जिना चढायचं काम आलं की तुमचे पाय दुखतात, आणि चहाला जाताना बरे असतात." लोक हसले. चहाच्या टपरीपर्यंत चालून चालून पाय सुटायचे म्हणून ते बरे दिसायचे, हे मी तेव्हा सांगू शकलो नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं.

कोल्हापूर आम्हाला बेळगावपेक्षा जवळ. आधी तिकडं हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाठीचा एमआरआय काढला. मणक्यातली एक चकती जराशी बाहेर आली होती. त्यांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या, वाकू नका म्हणाले. दुसऱ्यांनी जीवनसत्त्वांची इंजेक्शनं दिली. तिसऱ्यांनी माझ्याऐवजी सुजातालाच विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" ती म्हणाली, "हे उठत नाहीत हेच टेन्शन आहे."

मी पट्टा बांधला, इंजेक्शनं घेतली, वाकणं सोडलं. पाय होते तिथंच राहिले. त्या सगळ्या महिन्यांत कुणी माझ्या गुडघ्यावर दोनदा हातोडी मारली नाही. एकदा मारली, पाय उडाला नाही, "मणक्यामुळं" म्हणाले आणि विषय संपला. मी डॉक्टर नाही आणि हा आजार क्वचित होणारा आहे हेही आता मला माहीत आहे. तरी राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.

म्हणून शेवटी त्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो, आणि पुढच्या तपासण्यांनाही कोल्हापूर सोडून बेळगावलाच जावं लागलं, कारण माझं सरकारी नोकराचं कार्ड कर्नाटकाचं, ते तिकडं चालत नाही. सुजाता तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे, तिचं कन्नड फर्डं आहे. तिनं सगळी पत्रं आणि शिक्के उभ्याउभ्या मिळवले. मी नुसता कुरकुरत होतो. संकेश्वर आलं की मी म्हणायचो, अजून अर्धा रस्ता पण झाला नाही.

नसांच्या तपासणीला नर्व कंडक्शन म्हणतात. हातापायाला चकत्या चिकटवून विजेचे छोटे झटके देतात, आणि स्नायू किती जोरानं उत्तर देतो ते पडद्यावर लाटेसारखं दिसतं. माझी लाट इतकी बुटकी होती की मला वाटलं यंत्र बंद आहे. मग त्यांनी तळहाताचा स्नायू थोडा वेळ जोरात आवळायला लावला आणि पुन्हा झटका दिला. लाट दुपटीच्या वर गेली. "हेच ते," डॉक्टर म्हणाले. ते खूश दिसत होते. त्यांच्या खुशीचाही मला राग आला.

सीटी स्कॅन म्हणजे छातीचे आडवे आडवे कापल्यासारखे फोटो. त्यात उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी लहानशी गाठ निघाली. ना खोकला होता, ना रक्त पडत होतं. साध्या एक्सरेत ती हृदयाच्या सावलीमागं लपून राहिली असती, असं सांगितलं.

आता आमच्याकडे छातीच्या डॉक्टर आल्या. मॅडम धारवाडकडच्या, मराठी सावकाश बोलायच्या, पण एक शब्द वाया घालवायच्या नाहीत. ब्रॉन्कोस्कोपी करायची म्हणाल्या. म्हणजे बारीक नळी श्वासाच्या वाटेनं आत घालून गाठीचा तुकडा काढायचा. तो तुकडा तपासायला गेला आणि आम्ही वाट बघत बसलो. या वाट बघण्याबद्दल कुणी नीट लिहीत नाही. त्यात काहीच घडत नाही. बाकावर शेजारचा माणूस वडापाव खातो, भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून कन्नड मालिका चालू असते, आणि प्रत्येक वेळी आतून नाव पुकारलं की ते आपलं नसतं.

शेवटी नाव आलं. मॅडमनी कागद उलटा करून आमच्यासमोर ठेवला.

"स्मॉल सेल कॅन्सर आहे. फुफ्फुसाचा. हा जवळजवळ सगळा सिगरेट-बिडीवाल्यांनाच होतो. हा फार जोरात पळतो, म्हणून आपण त्याच्यापेक्षा जोरात पळायचं. सध्या छातीच्या एकाच बाजूला आहे. याला लिमिटेड स्टेज म्हणतात. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी."

"मग माझे पाय?" मी विचारलं. खरंच, तेव्हाही मी पायांचंच विचारलं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. नसेच्या टोकाला बारीक दारं असतात. मेंदूचा निरोप आला की त्या दारांतून कॅल्शियम आत जातं आणि मगच स्नायूला हुकूम मिळतो. या जातीच्या गाठीच्या अंगावरही अगदी तसलीच दारं असतात. शरीराचे पहारेकरी गाठ ओळखतात आणि तिच्या दारांवर तुटून पडतात. पण त्यांना फरक कळत नाही. ते नसांचीही दारं फोडत सुटतात. सारखा जोर लावत राहिलं की उरलेल्या दारांतून थोडं थोडं कॅल्शियम साचतं आणि घटकाभर ताकद येते. म्हणून मैदानाच्या फेरीनंतर मी बरा चालायचो. माझं सोंग नव्हतं. हे कळलं तेव्हा हेडमास्तरांना फोन लावावासा वाटला.

मॅडम पुढं म्हणाल्या, "हा आजार नसता, तरी सिगरेटनं तुमच्या स्नायूंचं नुकसान केलेलंच होतं. धुरातला विषारी गॅस रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. स्नायूला खायला कमी, कामाला जास्त. दमल्यावर स्नायू भरून यायलाही वेळ लागतो. तुम्ही खेळाचे शिक्षक. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

जाणवलं होतं. पोरांबरोबर चढाई दाखवताना दम जायचा, पिंढऱ्या लवकर भरून यायच्या. मी म्हणायचो वय झालं. माझ्याहून मोठे कोच तेव्हाही मैदानात पळत होते.

घरी आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. लपवायचं ठरवलं, पण निपाणीत बातमी आपल्या आधी घरी पोचते. शेजारच्या एका बाईनं तिला सांगितलं, तुमच्या बिडीच्या घरातच हे दुखणं होतं. मी बेळगावहून आलो तर आई चुलीपाशी न बसता बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली.

"माझ्या बिडीनं झालं काय रं ह्ये?" तिनं विचारलं. "सारा जलम तंबाखूत हात घालून बसलो. ती धूळ तुझ्या अंगावर बसली असंल. तू तान्हा हुतास तवा सूप शेजारीच असायचं."

"न्हाय आई. माझ्या सिगरेटनं झालं."

"पर मी तुला कदी बिडी वडू दिली न्हाय."

"व्हय. म्हणून तर मी सिगरेट ओढली."

तिला ते कळलं की नाही ठाऊक नाही. ती बराच वेळ माझा गुडघा चोळत बसली. चोळून काही होणार नव्हतं, पण मी तिला थांबवलं नाही. तिच्या बोटांना तंबाखूचा वास अजून होता, काम सोडून वर्षं झाली तरी. खरं सांगतो, त्या वासानं मला सिगरेटची तलफ आली.

सिगरेट त्याच आठवड्यात बंद करायला लागली. मॅडम म्हणाल्या होत्या, ओढत राहिलात तर औषधं नीट काम करणार नाहीत आणि त्रास दुप्पट होईल. त्यांनी निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या दिल्या. लोकांना वाटतं, कॅन्सर म्हटल्यावर माणूस भीतीनंच सिगरेट सोडत असेल. तसं होत नाही. भीती वाटली की सिगरेटच हवीशी वाटते. मी झोपेतून दचकून उठायचो, ताट सरकवायचो, टीव्हीवर ओरडायचो. केमोच्या पहिल्या फेरीनंतर एकदा सुजाता औषधं आणायला गेली, तेव्हा मी भिंतीला धरून हॉस्पिटलच्या फाटकाबाहेरच्या पानटपरीपर्यंत गेलो. टपरीपुढं फरशीची एक उंच पायरी होती. ती मला चढता आली नाही. टपरीवाला विचारत होता, "काय देऊ अण्णा?" आणि मी खाली उभा राहून पाय उचलायचा प्रयत्न करत होतो. शेवटी "काही नको" म्हणून परत फिरलो. माझ्या निर्धाराचं कौतुक करणाऱ्यांना मी हा किस्सा सांगतो. त्या दिवशी सिगरेट राहिली ती पायांमुळं, माझ्यामुळं नव्हे.

केमो म्हणजे शिरेतून सोडलेलं औषध, जे वेगानं वाढणाऱ्या पेशी मारतं. जोडीला रेडिएशन, म्हणजे गाठीवर नेमका किरणांचा मारा. आमच्याकडे त्याला लाईट देणं म्हणतात. मळमळ झाली, केस गेले, गिळताना अन्ननलिकेला चटके बसायचे. हे सगळं लोक सांगतात, मी जास्त लिहीत नाही. मला त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा. ठरलेल्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी निघायच्या आणि आम्हाला तसंच परत पाठवायचे. मशीन बंद पडायचं. व्हीलचेअर मागितली की ती कुठंतरी अडकलेली असायची. पायांसाठी एक खास गोळी होती, तिनं नसांची उरलेली दारं जास्त वेळ उघडी राहतात, पण ती इथं मिळत नव्हती. नसांच्या डॉक्टरांनी चारी दिशांना फोन करून ती मागवली. ती घेतली की ओठांना आणि बोटांना मुंग्या यायच्या, आणि थोड्या वेळानं मी खुर्चीच्या हातांना न धरता उठायचो. पहिल्यांदा तसा उठलो तेव्हा वॉर्डातल्या आया टाळ्या वाजवायला लागल्या. मी ओशाळून परत बसलो.

या सगळ्या काळात मला उठवायचं काम सुजाताचं होतं. खाटेवरून, संडासातून, बसच्या सीटवरून. ती माझ्या दोन्ही काखांत हात घालायची, "एक, दोन," म्हणायची आणि ओढायची. मी चांगला वजनदार माणूस. आणि उठता उठता मी बडबडायचो, हळू, किती ओढतेस, आधी पाय तरी टेकू दे. ती गप असायची. मला वाटायचं तिला सवय झाली.

उपचार संपल्यावर पुन्हा स्कॅन झाला. मॅडमनी फोटो दिव्यासमोर धरले. "गाठ आत्ता दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बरे झालात असं मी लिहून देणार नाही. हा आजार परत येऊ शकतो. दर काही महिन्यांनी यायचं, फोटो काढायचा. आणि एक लक्षात ठेवा. तुमचे पाय गळले नसते तर तुम्ही खोकला येईपर्यंत थांबला असता. तेव्हा मला फार काही करता आलं नसतं."

आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर येऊन चिडलो. हे काय बोलणं झालं? आहे की नाही ते सांगत नाहीत. आयुष्यभर फोटो काढत बसायचं काय? पाय अजून पूर्ण सुधारलेले नाहीत, जिना चढताना कठडा लागतोच. गाड्या लावायच्या जागेत उभा राहून मी हे सगळं मोठ्यानं बोलत होतो. सुजातानं पिशवी खाली ठेवली.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "तुमचे पाय, तुमचे पाय. सहा महिने झाले मला उजवा हात वर करता येत नाही. वेणी घालता येत नाही मला. आईच घालतात. बघितलंत कधी? कचेरीत वरच्या कपाटातली फाईल काढायला दुसऱ्याला सांगावं लागतं. तुम्हाला ओढून ओढून झालंय हे. एकदा तरी विचारलंत, तुला दुखतंय काय म्हणून? तुम्हाला काय, चिडायचं तेवढं माहीत. मला चिडायला बी येळ न्हाय!"

शेवटचं वाक्य तिनं माहेरच्या बोलीत म्हटलं. ती कचेरीत आणि माझ्याशी नेहमी नीट, पुस्तकी बोलते. पलीकडे स्कूटर काढणारा माणूस थांबून बघत होता. ती त्याच्यावरही ओरडली, "काय बघताय?" तो गेला.

मी तिच्या केसांकडे बघितलं. वेणी खरोखरच आईच्या हातची होती, घट्ट आणि जरा वाकडी, माझ्या लहानपणी आई शेजारच्या पोरींना घालायची तशी. रोज माझ्या समोर होती ती वेणी.

"चल," मी म्हणालो. "आत चल परत."

"कशाला?"

"हात दाखवायला."

ती नको म्हणत होती, उशीर होतोय, बस चुकेल. मी तिची पिशवी उचलली आणि कठड्याला धरून पुढं निघालो. आम्ही हाडांच्या विभागात नंबर लावला. या वेळी बाकावर मी सोबतीचा माणूस होतो. तिची पर्स आणि माझे सगळे फोटो मांडीवर घेऊन मी बसलो, आणि नाव पुकारलं की दचकून बघत होतो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला हात वर करायला सांगितला. हात खांद्यापर्यंत आला आणि तोंड वेडंवाकडं झालं. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"ह्यांना उठवताना," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. "एवढ्या माणसाला एकट्या उठवत होता?" मी कोल्हापूरच्या डॉक्टरांवर चिडलो होतो, हेडमास्तरांवर, मशीनवर, व्हीलचेअरवर चिडलो होतो. त्या खोलीत चिडायला कुणीच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याच्या स्नायूची दोरी ताणलीय आणि सांधा आखडलाय. ऑपरेशन नको, पण ओझं बंद आणि व्यायाम रोज. व्यायाम दाखवायला त्यांनी फिजिओथेरपीकडे पाठवलं. ते व्यायाम मी ओळखले. खांदा आखडलेल्या खेळाडूंना मी हेच देत आलोय.

आता मी अर्ध्या दिवसाच्या कामावर आहे. मैदानावर खुर्ची टाकून बसतो आणि बसल्या जागेवरून ओरडतो. पोरं म्हणतात, सर पहिल्यासारखेच झाले. फोटोची तारीख जवळ आली की झोप उडते, घरात कुणी माझ्या वाटेला जात नाही. ज्यांनी आजारपणात शांती मिळाल्याचं लिहिलंय त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला ती मिळाली नाही. पण ज्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा हातोडी मारली त्यांना मी दिवाळीला भेटून आलो. सिगरेट-बिडी ओढणारा कुणी पाय जड झाले, तोंड सुकतंय असं म्हणाला, तर त्याला मी आधी नसांच्या डॉक्टरकडे जायला सांगतो. तो ऐकेपर्यंत सोडत नाही. शाळेतले दोघेजण माझ्या त्रासाला कंटाळूनच सिगरेट सोडून बसलेत.

आणि रोज सकाळी, सुजाता कचेरीला जायच्या आधी, आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी उभे राहतो. ती उजव्या हाताची बोटं भिंतीवर ठेवून एक एक बोट चालवत हात वर नेते. मी शेजारी एका हातानं ओट्याला धरून उभा असतो. सुरुवातीला तिची बोटं खांद्याशीच अडायची. परवा ती मिसळणाच्या डब्याच्या फळीपर्यंत पोचली. तिला अजून वर जायची घाई झाली होती, ओठ दाबून ती हात रेटत होती.

"रेटू नको," मी म्हणालो. "दुखलं की थांबायचं. सावकाश. उद्या परत करू."

ती तशीच हात वर धरून माझ्याकडे वळली.

"सावकाश?" ती म्हणाली. "हा शब्द येतो होय तुम्हाला?"

आतल्या खोलीतून आई हसली.